सहाशे मीटर, सुवाच्य अक्षरात

चंदना मगदूमचं अक्षर इतकं देखणं होतं, की नववीत येईपर्यंत तिला दुसरं काही येतं की नाही हे कुणी तपासून पाहिलंच नव्हतं. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठी जे हायस्कूल आहे, तिथला फळ्यावरचा सुविचार तिचा, पाहुण्यांच्या स्वागताचा फलक तिचा, पालकांना जाणाऱ्या चिठ्ठ्या तिच्या. मुख्याध्यापक नाथाजी थोरात दिवसभर ज्या कागदांवर सह्या करत, त्यातले निम्मे कागद तिच्याच हातचे. वडील जिनदत्त मगदूम यांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. दुकानाबाहेरच्या फळ्यावर 'युरिया संपला आहे' हेसुद्धा चंदनाच लिहायची, आणि गिऱ्हाइकं ते वाचून मोकळ्या हातानं पण प्रसन्न चेहऱ्यानं परत जायची.

आई सुंदरीबाईंचा ठाम समज असा, की पोरगी नाजूक आहे. वर्षातून दोनदा त्या तिला मिरजेला डॉक्टरांकडे न्यायच्या. डॉक्टर तपासून म्हणायचे, काहीही झालेलं नाही. मग सुंदरीबाई परतीच्या वाटेवर दुसऱ्या डॉक्टरांची पाटी शोधायच्या. अशा लाडात वाढलेली चंदना बस चुकली तरी पळायची नाही. पुढच्या बसची वाट बघायची.

शाळेत इंग्रजी शिकवायला बाळासो सर होते. तीन वर्षांपूर्वी खेळाचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा कुणी भरली नाही, आणि त्यांची शिट्टी बाळासो सरांच्या गळ्यात आली. शिट्टीबरोबर आरोग्याचा तासही आला. सरांनी कुरकूर न करता तिन्ही विषय पत्करले आणि सोयीनं एकमेकांत मिसळून टाकले. इंग्रजी ते कवायतीसारखं शिकवायचे आणि कवायत इंग्रजीसारखी.

म्हणजे इंग्रजीच्या तासाला सर ओरडायचे, "आय ॲम स्टँडिंग!" बेचाळीस पोरं उभी. "आय ॲम सिटिंग!" बेचाळीस पोरं खाली. पंधरा मिनिटं हे चालायचं, सर घामाघूम व्हायचे, पोरांच्या मांड्या दुखायच्या. तीन वर्षांत वर्गाला इंग्रजीत उठता-बसता चांगलं यायला लागलं होतं, पण दाराबाहेर पडायचं म्हटलं तर कुणाकडे शब्द नव्हता. निबंध मात्र सर फळ्यावर देत. 'माय फेव्हरिट गेम' हा निबंध चंदनानं लिहिला, सरांनी तो तिच्याकडूनच फळ्यावर उतरवून घेतला, आणि सगळ्यांनी वहीत. त्यामुळे वर्गात बिरदेवच्या जत्रेत कुस्त्या मारणारा ज्ञानू नावाचा पोरगा होता, त्याचाही आवडता खेळ बॅडमिंटन निघाला.

खेळाच्या तासाला उलटं. खिडक्या लावून घ्यायच्या, कारण मैदान दिसलं की पोरांचं लक्ष उडतं. मग सर सांगायचे, "लिवा. कबड्डीचं मैदान. लांबी तेरा मीटर, रुंदी दहा मीटर." पोरं लिहायची. प्रत्येकाची खेळाची वही होती, वहीला खाकी कव्हर होतं, कव्हरावर चंदनाच्या अक्षरात नाव होतं. चेंडू कपाटात होते, कपाटाला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली जुन्या सरांबरोबर रहिमतपूरला त्यांच्या गावी गेली होती. फोन केला की ते म्हणायचे, पुढच्या खेपेला आणतो.

आरोग्याच्या तासाला समतोल आहार. सकाळी दूध, मोड आलेली कडधान्यं आणि एक सफरचंद, असं सगळ्यांच्या वहीत होतं. सफरचंद वर्गातल्या बहुतेकांनी आजारी माणसाला भेटायला जातानाच पाहिलेलं. हे सगळं सर तळहातावर तंबाखू मळत सांगायचे, आणि मळून झाली की व्यसनमुक्तीच्या तक्त्यामागच्या कोपऱ्यात जाऊन दाढेखाली ठेवून यायचे. तक्त्यासमोर ठेवत नसत, एवढी लाज त्यांना होती.

या शाळेत खरंखुरं पळणारं एकच माणूस होतं, शिवांजली यादव. चंदनाच्याच बाकावर बसायची. बाप आकाराम फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. रोज पहाटे पाचला शिवांजली कालव्याच्या रस्त्यानं पळायची आणि मागनं आकाराम मोटारसायकलवरून उजेड पाडत यायचा. शाळेला याची खबर एवढीच, की ही पोरगी पहिल्या तासाला पेंगते. बाळासो सर तिला खेळाच्या तासालासुद्धा झोपली म्हणून बाकावर उभं करायचे.

जुलैत एक कागद आला. कुठल्याशा साखर कारखान्याच्या ट्रस्टनं सांगलीत धावपटू मुलींसाठी वसतिगृह काढलं होतं. राहणं, जेवण, शाळा, बूट, तीन वर्षांचं प्रशिक्षण, सगळं फुकट. प्रत्येक हायस्कुलानं नववीच्या सगळ्या मुलांची सहाशे मीटर पळण्याची वेळ तक्त्यात भरून पाठवायची. जिल्ह्यातल्या तक्त्यांत ज्या मुली सगळ्यात वेगवान, त्यांना चाचणीला बोलावणार.

बाळासो सरांनी चंदनाला ग्रंथालयात बोलावलं आणि तक्ता पुढ्यात ठेवला.

"हे भरून टाक. दोन तासांत व्हायला पायजे."

"पण सर, पळालंय कोण?"

"पळायला कशाला लागतंय? भरायला लागतंय." सरांनी समजूत घातली. "हे बघ, दहा जण 'उत्तम', सत्तावीस 'मध्यम', पाच 'खराब'. सगळेच उत्तम घालू नकोस, वरच्यांना संशय येतो. आणि खराबात एकतरी पोरगी घाल. नुसती पोरं घातली तर बरं दिसत न्हाई."

चंदना मान खाली घालून लिहायला बसली. तिनं मैत्रिणींना 'उत्तम' दिलं. ज्यांना वाईट वाटेल त्यांना 'मध्यम' दिलं. पाच खराबांत चार नावं लगेच सापडली, कारण ती पोरं ऊसतोडीच्या हंगामापासून शाळेत आलीच नव्हती. पाचवं नाव मुलीचं हवं होतं. चंदनानं बराच विचार केला आणि शिवांजलीचं नाव घातलं. सहाशे मीटर, चार मिनिटं अठ्ठावन्न सेकंद, खराब. तिला वाटलं, ही तर रोज पळते, हिला कागदाचं काय? ज्यांना पळता येत नाही त्यांना निदान कागदावर तरी पळू दे. यात तिला काही वावगं तर दिसलं नाहीच, उलट आपण न्यायानं वागलो असं वाटलं. मग स्वतःचं नाव आलं. पहिलीपासून प्रत्येक विषयात तिचा पहिला नंबर. हात सवयीनं तिकडंच गेला. दोन मिनिटं चार सेकंद.

नाथाजी थोरातांनी तक्ता हातभर लांब धरला, "वा! मोत्याचे दाणे!" म्हणाले आणि सही केली. बाळासो सरांनीही केली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ट्रस्टचं पत्र आलं. जिल्ह्यात सगळ्यात वेगवान वेळ या शाळेच्या कुमारी चंदना जिनदत्त मगदूम हिची असून तिनं रविवारी सांगलीच्या मैदानावर हजर राहावं.

पत्र वाचून सरांच्या तोंडातली तंबाखू गिळली गेली. सुंदरीबाईंना कळलं तेव्हा त्यांनी आधी मिरजेची फाइल काढली. शिवांजलीनं मधल्या सुट्टीत सूचना फलकावर लावलेला तक्ता शोधून पाहिला. दहा 'उत्तम' वाचले, सत्तावीस 'मध्यम' वाचले, मग खालून आपलं नाव सापडलं. ती बाकाशी आली.

"हे तू लिवलंस?"

"सरांनी सांगितलं," चंदना पुटपुटली.

"सरांनी माझं नाव सांगितलं?"

चंदनाला खोटं बोलता आलं नाही. लिहिता येत होतं, बोलायची सवय नव्हती.

"न्हाई. नाव मी घातलं."

शिवांजलीनं दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. त्या वसतिगृहाची खबर तिच्या बापानं महिन्यापूर्वीच काढून ठेवली होती. कालव्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अंगावर येतात, पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो. सांगलीला सपाट मैदान, शिकवायला माणूस आणि पायात बूट. पोलीस खात्यात जायचं तर याहून सरळ वाट तिच्यासाठी नव्हती, आणि तीन वर्षांची ती जागा आता तिच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या नावावर जमा होती.

बाळासो सरांना तोड सुचली. त्यांनी आकारामला बोलावून घेतलं.

"आकारामभाऊ, चंदनाच्या नावावर शिवांजलीला पळवू. नाव काय, मागनं बदलून घिऊ."

"आवं सर, नाव बदलतंय व्हय असं?" आकाराम म्हणाला. "आमच्या पलटनीत एकाच्या नावावर दुसरा सुट्टीवर गेला, तर दोघंबी आत."

"ही पलटन न्हाई, शाळा हाय. हितं सगळं हुतंय."

आकाराम तयार झाला, कारण दुसरा रस्ता दिसत नव्हता. रविवारी सांगलीच्या मैदानावर शिवांजलीच्या छातीवर 'चंदना मगदूम' अशी चिठ्ठी टाचली गेली. चिठ्ठी चंदनानंच लिहिली होती. ती स्वतः सरांबरोबर मांडवात बसून होती, 'शिवांजली' या नावानं, पाण्याची बाटली धरून. अकरा मुली पळाल्या. शिवांजली दुसऱ्या फेरीतच सगळ्यांना मागं टाकून एकटी पुढं निघाली, तेव्हा चंदना भान विसरून उभी राहिली आणि ओरडली, "शिवांजली! पळ!" सरांनी तिला दंडाला धरून खाली बसवलं.

"गप! शिवांजली तू हायस."

ट्रस्टच्या प्रशिक्षक राजमती मॅडम घड्याळाकडे बघत राहिल्या होत्या. त्यांनी शिवांजलीच्या पाठीवर थाप मारली. "चंदना, कुठं होतीस गं इतके दिवस?" शिवांजलीनं मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदा कुणी जाणकारानं तिचं कौतुक केलं, आणि तेही दुसरीच्या नावानं.

निवडीचं पत्र आलं ते अर्थातच कुमारी चंदना मगदूम हिच्या नावानं. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला वसतिगृहात दाखल व्हावं. आकाराम नाव बदलून घ्यायला शाळेत आला, तर सरांचा सूर पालटलेला.

"बदलायचं म्हणजे तक्ता खोटा हुता असं लिहून द्यावं लागतंय. त्यावर माझी सही हाय, थोरात सरांची हाय. शाळेचा 'सुदृढ शाळा' म्हणून प्रस्ताव गेलाय. एका पोरीपायी अख्खी शाळा बदनाम करू व्हय?"

"मग माझ्या पोरीनं करायचं काय?"

"पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी शिवांजली दहावीत, आणि योजना फक्त नववीसाठी. हे सरांना माहीत होतं आणि आकारामलाही. तो फौजेत चोवीस वर्षं काढलेला माणूस कार्यालयाच्या पायरीवर दहा मिनिटं नुसता बसून राहिला.

चंदनाला जेवण जाईना. सुंदरीबाईंनी मिरजेची गाडी ठरवली. चंदनाला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती लाज कुठल्या डॉक्टरला दाखवायची हे तिला कळत नव्हतं. सप्टेंबरात दशलक्षण पर्व आलं, संपलं, आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर जैन घरांत त्या दिवशी हात जोडून क्षमा मागतात. हल्ली बहुतेक जण फोनवर एकच संदेश सगळ्यांना एका दमात पाठवतात, म्हणजे ज्याला दुखावलं त्यालाही जातो आणि गॅसच्या एजन्सीलाही. चंदना मात्र पायी यादवांच्या वस्तीवर गेली. शिवांजली गोठ्यात शेण भरत होती.

चंदनानं हात जोडले. "उत्तम क्षमा. माझ्याकडनं चूक झाली. मला माफ कर."

शिवांजलीनं पाटी खाली ठेवली. "माफी तोंडानं नको मला," ती म्हणाली. "कागदावर लिहून आण. तुमचं सगळं कागदावरच चालतंय न्हवं?"

एवढं बोलून तिनं पाटी उचलली आणि उकिरड्याकडे गेली. चंदना भर उन्हात रडत घरी आली.

दुसऱ्याच दिवशी सरांनी तिला ग्रंथालयात बोलावलं. आता चंदना सांगलीला जाणार नाही, असं ट्रस्टला कळवून विषय मिटवायचा होता.

"लिही, मुलगी जैन असून सूर्यास्तानंतर जेवत न्हाई. वसतिगृहात रात्री आठला जेवण. सबब धार्मिक कारणास्तव येऊ शकत न्हाई. झकास कारण हाय, कोण उलटं विचारणार न्हाई. लिहून थोरात सरांची सही घे, माझी घे आणि शिपायाकडं दे."

चंदना कोऱ्या कागदासमोर बसली. सूर्यास्ताआधी जेवायचं हे तिच्या घरात आईनं, आजीनं, पणजीनं पाळलेलं. ते सरांच्या तक्त्यावर पांघरूण घालायला वापरायचं, याचा तिला मनस्वी संताप आला. इतका राग तिला कधी आलेला नव्हता आणि तो कसा करतात हेही ठाऊक नव्हतं. म्हणून तिनं जे येत होतं ते केलं. पेन उघडलं आणि अतिशय सुंदर अक्षरात लिहिलं:

'आपण निवडलेली कु. चंदना मगदूम ही सहाशे मीटर कधीही पळालेली नाही. आमच्या नववीतील बेचाळीसपैकी एकही विद्यार्थी पळालेला नाही, कारण पळण्याचा तास झालेला नाही. तक्त्यातील आकडे श्री. बाळासो सर यांच्या सांगण्यावरून ग्रंथालयात बसून भरण्यात आले. चाचणीत चंदना मगदूम या नावाने पळालेली मुलगी कु. शिवांजली आकाराम यादव ही आहे. तिला तक्त्यात खराब ठरवणे ही तक्ता लिहिणारीची चूक असून लिहिणारीला त्याचा पश्चात्ताप होत आहे. तरी जागा शिवांजलीस मिळावी, ही नम्र विनंती.'

मग ती मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. थोरातांनी कागद हातभर लांब धरला. त्यांची नजर पहिल्या ओळीवरून दुसरीवर गेली, दुसरीवरून तिसरीवर, आणि मधेच थांबली. चंदनाला वाटलं, संपलं.

"समास किती सरळ सोडलाय बघा," ते समोर बसलेल्या बाळासो सरांना म्हणाले. "रेघ न मारता!" आणि त्यांनी सही केली. सरांच्या एका हातात तंबाखू होती, त्यांनी दुसऱ्या हातानं कागद स्वतःकडे फिरवला, "धार्मिक कारण घातलंस न्हवं?" असं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत सही ठोकली. वर शिक्काही मारला.

आठव्या दिवशी राजमती मॅडम जीप घेऊन थेट शाळेत आल्या. पत्र त्यांच्या हातात होतं. थोरात सरांनी नारळ मागवला, बाळासो सरांनी शाल शोधली. मॅडमनी दोघांचेही हात हातात घेतले.

"सर, मला दीडशे शाळांचे तक्ते आले. सगळे खोटे, हे मला दिसतंय. पण 'आमचा तक्ता खोटा आहे' असं सही-शिक्क्यानिशी कळवणारी शाळा एकच. एवढा मोठेपणा मी नोकरीत पाहिला नाही." आणि त्यांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं.

थोरात सरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा. नाही म्हणावं तर सही त्यांची. न वाचता केली म्हणावं तर आणखी पंचाईत. शेवटी ते घसा खाकरून म्हणाले, "विद्यार्थ्यांच्या हितासाठी आम्ही... हे करतोच." बाळासो सरांनी चंदनाकडे पाहिलं. डोळ्यांनी माणूस जाळता आला असता, तर तिथं फक्त तिचं पेन उरलं असतं.

शिवांजलीची जागा पक्की झाली, आणि या वेळी नाव मॅडमनी स्वतः तिला विचारून लिहिलं. बोलावून घेतलेला आकाराम दारात ताठ उभा होता. त्यानं मॅडमना कडक सलाम ठोकला आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले.

"आलेच आहे तर खरा तक्ताही करून टाकू," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना मैदानात काढा."

तीन वर्षांत पहिल्यांदा नववीचा वर्ग दिवसाउजेडी मैदानात उभा राहिला. कार्यक्रमांच्या मांडवांसाठी खणलेले खड्डे चुकवत सहाशे मीटर आखले गेले. बाळासो सर सवयीनं म्हणाले, "चंदना, तक्ता घे."

"ती पळणार आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही लिहा."

शिट्टी वाजली. चंदना पळाली. पळाली म्हणजे पहिले शंभर मीटर पळाली, पुढचे दोनशे पळण्याचा प्रयत्न केला, आणि मग पोटात कळ घेऊन, ओढणी तोंडाशी धरून नुसती चालत राहिली. ज्ञानू तिच्यापुढं एक फेरी काढून गेला. ती मात्र थांबली नाही. शेवटी ती एकटीच मैदानात उरली होती आणि बाकीचा सगळा वर्ग बांधावर बसून बघत होता. ती कशीबशी पोहोचली. तिनं तक्त्यात वाकून पाहिलं. सरांचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं होतं, तरी वाचता आलं. पाच मिनिटं एकोणपन्नास सेकंद. खराब.

आयुष्यात तिला मिळालेला हा पहिला 'खराब'. तो लागला, चांगलाच लागला. चारचौघांत रडू येऊ नये म्हणून ती खाली बसून बुटाची नाडी सोडू-बांधू लागली.

शिवांजली शेजारी येऊन उभी राहिली. हातातली पाण्याची बाटली तिनं पुढं केली.

"मला जायला अजून आठ दिस हायत," ती म्हणाली. "उद्या पहाटे पाचला कालव्यावर ये."

"आणि क्षमा?" चंदनानं धापा टाकत विचारलं.

"वेळ पाच मिनिटांच्या आत आण एकदा. मग बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे सुंदरीबाई मिरजेची फाइल काखेत मारून कालव्यापर्यंत मागनं गेल्या. तोवर पोरगी पुढं निघून गेली होती.